टॅबवर ८६ टक्के, पेपरात ४० पैकी १३ : मुलांसाठी ऑनलाइन शिक्षण निवडताना काय पाहावं?

मागच्या जानेवारीत एका रात्री आपाचा फोन आला. भाचीच्या दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर हातात मिळाले होते आणि बीजगणितात ४० पैकी १३ गुण पडले होते. आपा रडवेली झाली होती. "त्या टॅबमध्ये तर हिला रोज ऐंशीच्या वर मिळतात. कालच ८६ टक्के दाखवत होतं. मग शाळेतल्या मॅडमनी मुद्दाम कमी दिले असतील का रे?"

हा टॅब जूनमध्ये घरात आला होता. एका ऑनलाइन शिकवणी कंपनीचा माणूस घरी येऊन दोन तास बसला. त्यानं मुलीची तिथल्या तिथे एक चाचणी घेतली, ती कशी मागे आहे ते अम्मी-अब्बूंना दाखवलं आणि उठताना वर्षभराच्या हप्त्यांच्या कागदावर सही घेऊन गेला. दुल्हाभाई रिक्षा चालवतात. रिक्षाचा हप्ता आधीच चालू, त्यात हा दुसरा. मुलगी शिकली पाहिजे, एवढ्याच गोष्टीवर त्यांनी सही केली होती.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मी स्वतः माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे आधी मॅडमनी तपासलेला पेपर पाहिला. गुण बरोबर होते. मग टॅब उघडून त्यातल्या चाचण्या पाहिल्या. तिथले गुणही बरोबर होते! दोन्ही आकडे खरे, पण दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी तपासल्या जात होत्या.

ओळखता येणं वेगळं, मांडता येणं वेगळं

टॅबवर प्रश्न यायचा : या वर्गसमीकरणाची मुळे कोणती? खाली चार पर्याय. भाचीनं मला ते करून दाखवलं तेव्हा लक्षात आलं की ती समीकरण सोडवतच नव्हती. पर्यायातल्या संख्या एकेक करून समीकरणात ठेवून पाहायची, शून्य आलं की टिक करायची. पोरगी हुशार आहे, यात शंका नाही. पण बोर्डाच्या बीजगणिताच्या पेपरात पर्याय असलेले प्रश्न अगदी थोड्या गुणांचे असतात. बाकी सगळं कोऱ्या कागदावर स्वतः मांडायचं. अवयव पाडायचे किंवा सूत्र वापरायचं, एकाखाली एक पायऱ्या लिहायच्या, आणि गुण त्या पायऱ्यांना. शाब्दिक उदाहरणात तर गोष्ट वाचून समीकरण तयार करणं हेच अर्धं काम. टॅबवर ते समीकरण तयारच मिळत होतं. सात महिन्यांत तिनं एकही उदाहरण शेवटपर्यंत वहीत सोडवलं नव्हतं, कारण कोणी मागितलंच नव्हतं.

ऑस्ट्रेलियातले शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये ही गोष्ट नीट मांडली. ते विद्यापीठातल्या शिक्षकांसाठी लिहीत होते, पण आपल्या घरालाही ते तंतोतंत लागू पडतं. त्यांचं म्हणणं असं की तीन गोष्टी एका रेषेत हव्यात. शेवटी मुलाला काय करता आलं पाहिजे, ते करता येतं की नाही हे कसं तपासायचं, आणि त्यासाठी शिकवताना मुलाकडून काय करून घ्यायचं. निवडही याच क्रमानं करायची. आपण नेमकं उलट करतो. आधी टॅब घेतो, मग त्यात जे आहे ते मूल शिकतं, मग त्यातच जी चाचणी आहे ती देतं, आणि मार्चमध्ये पेपर हातात पडल्यावर आपल्याला कळतं की मागणी भलतीच होती.

म्हणून बहुपर्यायी चाचण्या वाईट, असं मी म्हणत नाही. मुलगा नीटची तयारी करत असेल तर तिथे बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलं तर १ वजा, वर वेळ मोजकी. राज्याची सीईटी तर संगणकावरच होते, तिथे चुकीला वजाबाकी नाही. अशा परीक्षांसाठी घड्याळ लावून पर्याय निवडण्याचा सराव हवाच, आणि ते काम अ‍ॅप कुठल्याही शिक्षकापेक्षा चांगलं करतं. शंभर प्रश्न एका क्षणात तपासून देतं, कुठल्या धड्यात चुका जास्त ते दाखवतं. पण तोच मुलगा बारावीचा बोर्डाचा पेपरही देणार असतो, तिथे लिहायचं आहे. एका पद्धतीवर दोन्ही निभावत नाही.

इतर विषयांतही हाच हिशोब लावून पाहा. भूमितीत प्रमेयाची सिद्धता लिहायची असते, ती लिहूनच तपासता येते. विज्ञानात आकृती काढून नावं द्यायची असतात. निबंध तर कोणी माणसानं वाचल्याशिवाय कळणार नाही. इंग्रजी बोलायला शिकवणारा कोर्स असेल आणि त्यात मूल एकदाही बोलत नसेल, नुसतं रिकाम्या जागा भरत असेल, तर तो बोलायला शिकवणारा कोर्स नाही. त्यापेक्षा रोज दोन मिनिटं व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून एखाद्या शिकलेल्या नातेवाइकाला पाठवणं कितीतरी उपयोगाचं. त्याला पैसेही लागत नाहीत.

व्हिडिओ समजला म्हणजे आला का?

आपाच्या मनात आणखी एक गोष्ट होती. "रोज दोन-दोन तास व्हिडिओ बघायची रे, टाइमपास नाही करायची." खरं होतं. पण पाहताना सगळं समजतं आणि नंतर आठवत नाही, हा अनुभव आपल्या सगळ्यांचाच आहे.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याची तपासणी प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांच्या एका गटानं एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, चार बैठका. दुसऱ्या गटानं फक्त एकदा बैठक मारून वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत पुस्तक मिटून जे आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. म्हणजे चाचणी ही फक्त तपासणी नाही, ती स्वतःच शिकण्याची पद्धत आहे. आणि वाचून किंवा पाहून लगेच येणारा 'आलं मला' हा भरवसा फसवा असतो.

हे वाचल्यावर मला आमच्या मोहल्ल्यातला हिफ्जचा मदरसा आठवला. तिथे काय चालतं ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. पोरगा उस्तादांसमोर बसून नवा सबक तोंडपाठ ऐकवतो. मग मागच्या काही दिवसांचा सबकपारा. मग जुना आमोख्ता, जो फिरून फिरून परत येत राहतो. मुस्हफ मिटलेला. अडखळला की उस्ताद तिथेच थांबवतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा म्हणायला लावतात. कच्चं असेल तर नवा सबक मिळत नाही. आज ज्याला शास्त्रज्ञ आठवून पाहण्याचा सराव, अंतरा-अंतरानं उजळणी आणि पक्कं झाल्यावरच पुढे जाणं म्हणतात, ते सगळं तिथे रोज चालतं. पाठांतर आणि गणित एक नाही, हे मान्य. गणितात तोच धडा म्हणून दाखवून भागत नाही, नव्या उदाहरणाला हात घालावा लागतो. पण पुस्तक मिटून, कोणाच्या तरी समोर, अडखळेपर्यंत करून दाखवणं, ही पद्धत दोन्हीकडे चालते. ती आपल्याच घरातली आहे, आणि हजारो रुपयांच्या टॅबमध्ये नेमकी तीच सापडत नाही.

तर व्हिडिओ कसा वापरायचा? अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली, ते वर्ग बुडालेल्या मुलांसाठी. पुढे त्यांनी तो क्रमच बदलला. धडा मुलांनी घरी पाहायचा आणि वर्गातला वेळ उदाहरणं सोडवण्यात घालवायचा, म्हणजे अडलेल्या ठिकाणी शिक्षक शेजारी असतो. आपल्याकडे संध्याकाळच्या मोहल्ला अभ्यासिका चालतात, तिथे हे सहज जमेल. व्हिडिओ घरी, वही अभ्यासिकेत. अनेक ठिकाणी मी पाहतो ते उलटं : अभ्यासिकेत मोठा स्क्रीन आणून सगळ्यांना व्हिडिओ दाखवतात, आणि उदाहरणं 'घरून करून आणा' म्हणतात. जिथे अडतं तिथे मूल एकटं.

पेरू, गुजरात आणि दिल्ली

नुसतं यंत्र दिल्यानं काय होतं, हे जगात मोठ्या प्रमाणावर करून झालंय. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं खेड्यापाड्यातल्या मुलांना लॅपटॉप वाटले. ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. गणितात आणि भाषेत मुलांच्या गुणांत फरक पडलेला दिसला नाही.

गुजरातेतला अनुभव याहून बोलका आहे. तिथे ली लिंडन या संशोधकानं संगणकावरचा तोच गणिताचा कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहिला. जिथे शिक्षकाचा तास काढून त्या जागी संगणक बसवला, तिथे मुलं इतरांच्या मागे पडली. जिथे शाळा सुटल्यावर जादा वेळ म्हणून दिला, तिथे फायदा झाला. संगणक तोच, कार्यक्रम तोच! फरक एवढाच की तो शिक्षकाच्या जागी आला की शिक्षकाच्या जोडीला.

दिल्लीत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६१९ मुलं होती. शाळेनंतरच्या केंद्रात दीड तास, त्यात अर्धा वेळ संगणकावर एकेकट्यानं आणि अर्धा वेळ छोट्या गटात माणसाबरोबर. साधारण साडेचार महिन्यांत मुलांनी गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली मजल मारली. याचं मोठं कारण म्हणजे संगणक प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या पातळीपासून शिकवत होता. सुरुवातीला तपासलं तेव्हा सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे निघाली, आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांचं झालं होतं. अशा नववीतल्या मुलाला नववीचे व्हिडिओ दाखवून काय होणार? त्याला पाचवीचा अपूर्णांक हवाय. हे सांगायला पालकांना लाज वाटते, मुलाला त्याहून जास्त. स्क्रीनवर एकट्यानं, कोणाच्या देखत न करता खालच्या इयत्तेचं गणित करता येणं, हा तंत्रज्ञानाचा खरा फायदा मला वाटतो.

पातळीसारखाच प्रश्न भाषेचा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाची सुरुवातच इथून झाली होती की पुस्तक मुलांच्या घरच्या भाषेत, कन्नडमध्ये, नव्हतं. त्यांनी मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि पुस्तकात क्यूआर कोड घातले. आपल्या उर्दू माध्यमातल्या मुलाला इंग्रजी व्हिडिओंचं पॅकेज घेऊन देताना हे लक्षात असू द्या. बालभारतीची पुस्तकं उर्दू आणि मराठी दोन्हींत इंटरनेटवर मोफत उतरवून घेता येतात आणि दीक्षा अ‍ॅपही मोफत आहे. आधी त्यातलं वापरून पाहा.

"किती मिळाले?" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा

इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळेतल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. काहींना तपासून फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा (काय जमलं, काय सुधारायचं), आणि काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढे सुधारली. गुण मिळालेली नाही. गंमत म्हणजे गुण आणि शेरा दोन्ही दिलेल्यांनाही फायदा झाला नाही. गुण दिसले की मूल शेरा वाचतच नाही! अ‍ॅपवर तर शेराही नसतो. हिरवी खूण, लाल खूण, चांदण्या, फुगे. भाचीला लाल खूण आली की ती पुढचा प्रश्न उघडायची. का चुकलं हे विचारायला समोर कोणी नव्हतं.

आता तर चॅटबॉट आलेत. मुलं गृहपाठाचा फोटो काढून टाकतात आणि पूर्ण सोडवलेलं उत्तर उतरवून घेतात. तुर्कस्तानात सुमारे हजार हायस्कूल विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात हेच तपासलं. साधा चॅटबॉट हाताशी असताना मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी कमी पडली. दुसऱ्या एका गटाला थेट उत्तर न देता फक्त पुढचा इशारा देणारा चॅटबॉट दिला होता. त्या मुलांचं असं नुकसान जवळजवळ झालं नाही. म्हणजे मुलानं चॅटबॉट वापरलाच तर त्याला 'उत्तर सांगू नकोस, माझी कुठली पायरी चुकली तेवढं सांग' असं लिहायला शिकवा. आणि त्यानंतर तेच उदाहरण आकडे बदलून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, वहीत करायला लावा. तोंडी विचारा : ही पायरी का घेतली? तुम्हाला गणित येत नसलं तरी मूल सांगताना अडतंय की नाही, हे आईला बरोबर कळतं.

एकच फोन असलेलं घर

कंपन्यांच्या जाहिरातीत प्रत्येक मुलाची वेगळी खोली आणि वेगळा टॅब असतो. आपल्या बहुतेक घरांत एक चांगला फोन असतो, तो अब्बूंसोबत दिवसभर बाहेर असतो, आणि रात्री तीन भावंडं त्याच्याभोवती. त्यातही मुलीचा नंबर शेवटी. 'असर'च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के होत्या. 'फोन मुलींना बिघडवतो' म्हणणाऱ्या घरात तोच फोन मुलगा रात्री बारापर्यंत खेळतो, हे मी पाहिलंय. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

अशा घरात संध्याकाळी सात ते नऊ थेट चालणारा ऑनलाइन वर्ग निवडणं म्हणजे पैसे पाण्यात. रेकॉर्ड केलेला, उतरवून ठेवता येणारा धडा बरा. तो थांबवता येतो, मागे नेता येतो, पहाटे फज्रनंतर पाहता येतो. मात्र रेकॉर्ड केलेल्या धड्याला शंका विचारता येत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तरी कोणा माणसासमोर बसणं ठरवून ठेवावं लागतं. शाळेचे शिक्षक, अभ्यासिकेतला कॉलेजचा मुलगा, चुलत बहीण, कोणीही.

आम्ही भाचीसाठी काय केलं ते सांगतो. परीक्षेला सहा आठवडे होते. टॅबचे पैसे परत मिळाले नाहीत, कागदावर सही होती. त्यातल्या चाचण्या बंद केल्या, व्हिडिओ फक्त अडलं तर. रोज वहीत पाच उदाहरणं, त्यातली दोन जुन्या धड्यातली. टॅबच्या कॅमेऱ्यानं वहीचा फोटो काढून ती मला पाठवायची. मी गुण द्यायचो नाही, जिथे चुकलं त्या ओळीखाली फक्त रेघ ओढून परत पाठवायचो. काय चुकलं ते तिनं शोधायचं आणि रात्री फोनवर सांगायचं. पहिले दहा दिवस ती माझ्यावर चिडलेली होती. "मामू, सरळ सांगा ना काय चुकलं!" शब्दांवरून समीकरण मांडणं तिला शेवटपर्यंत जड गेलं, पण पायऱ्या लिहायची सवय लागली. बोर्डात बीजगणिताला ४० पैकी २५ आले. फार नव्हेत. ती आता अकरावी कॉमर्सला आहे.

मागच्या महिन्यात तिच्या नववीतल्या भावासाठी आपाला पुन्हा एका शिकवणी कंपनीचा फोन आला. या वेळी आपानं किंमत विचारली नाही. विचारलं, "मुलानं वहीत लिहिलेलं उत्तर तुमच्यात कोण तपासतं, आणि चुकलं तर त्याच्याशी कोण बोलतं?" पलीकडचा मुलगा म्हणाला, सीनियरना विचारून सांगतो. अजून त्याचा फोन आलेला नाही.